सूची एक, बाइट चार तऱ्हांचे : फोंड्याकडच्या एका ग्रंथालयाचं डेटाबेस-स्थलांतर

फोंडा तालुक्यातल्या एका ग्रंथालयाची संगणकीय सूची नव्या सर्व्हरवर गेली आणि त्याच दिवशी शोधपानावरून मराठी नाहीशी झाली. ग्रंथनामाच्या जागी डोक्यावर तिरकी रेघ असलेला ए, चलनाचं चिन्ह, वर्तुळातला आर, पुन्हा तो ए, अशी रांगच्या रांग. गंमत अशी, की जी पोर्तुगीज नावं जुन्या वेबसाइटवर वर्षानुवर्षं प्रश्नचिन्हांनी भरलेली दिसायची, ती नव्या सर्व्हरवर एकदम शुद्ध झाली. काम घेतलेल्या कंत्राटदारानं यावरून निष्कर्ष काढून टाकला: रूपांतर बरोबर झालंय, पोर्तुगीज हा पुरावा, मराठी तुम्हीच मुळात चुकीची भरली असणार. ग्रंथालयातल्या शिपाईकाकांचं उत्तर एका वाक्याचं होतं, "पयलीं सारकें दिसतालें." (पूर्वी नीट दिसायचं.)

दोघांचंही खरं होतं, आणि म्हणूनच हे प्रकरण सविस्तर लिहावंसं वाटलं. एन्कोडिंगच्या, म्हणजे अक्षरं बाइटांच्या (० ते २५५ या आकड्यांच्या) रूपात साठवण्याच्या पद्धतीच्या, गोंधळावरचे जे उपाय सर्रास सांगितले जातात ते एकाच भाषेचं, एकाच मार्गानं भरलेलं टेबल गृहीत धरतात. गोव्यातल्या सूचीत मराठी, देवनागरी कोकणी, रोमी (रोमन लिपीतली) कोकणी आणि पोर्तुगीज एकाच कॉलममध्ये नांदतात. त्यातलं काय कोणत्या काळात, कोणत्या प्रोग्रॅममधून आत आलं, हे टेबलावर कुठेच लिहिलेलं नसतं.

मागची कथा

संग्रह मिश्र आहे. मराठी पुस्तकं, जत्रेतल्या नाटकांच्या हस्तलिखित संहिता, १९६१ पूर्वीची पोर्तुगीज छापील कागदपत्रं, थोडी रोमी कोकणी. सूची आधी विंडोजवरच्या एका डेस्कटॉप प्रोग्रॅममधून भरली जायची. त्यात पोर्तुगीज नावं नीट, शेपटीच्या सी (ç) आणि टिल्डच्या ए (ã) सकट टंकलेली होती. मराठीसाठी मात्र त्या काळचा रिवाज पाळला होता, म्हणजे फॉन्ट बदलायचा आणि रोमन कळांवर देवनागरी आकार उमटवायचे. पुढे वेबसाइट आली, कर्मचारी युनिकोडमध्ये (प्रत्येक अक्षराला सगळीकडे एकच क्रमांक देणाऱ्या प्रमाणात) टंकू लागले आणि डेस्कटॉप प्रोग्रॅम बंद पडला. टेबल तेच राहिलं.

टेबलाचा कॅरेक्टर सेट (कोणता बाइट म्हणजे कोणतं अक्षर, याचा तक्ता) लॅटिन१, म्हणजे पश्चिम युरोपातल्या भाषांचा होता आणि कोलेशन (अक्षरं जुळवण्याचा आणि क्रम लावण्याचा नियम) लॅटिन१ स्वीडिश. हे कुणी निवडलेलं नव्हतं. सूची ज्या डेटाबेस प्रोग्रॅमवर होती त्या मायएसक्यूएलचा जन्म स्वीडनमधला; ८.० आवृत्ती २०१८ मध्ये येईपर्यंत काहीच सांगितलं नाही तर सर्व्हर हेच धरून चालायचा. वेबसाइट ज्या पीएचपी भाषेत लिहिलेली होती त्या कोडमध्येही कनेक्शनचा, म्हणजे डेटाबेसशी बोलणाऱ्या जोडणीचा, कॅरेक्टर सेट सांगितलेला नव्हता, त्यामुळे तोही लॅटिन१.

आता 'म' हे अक्षर घ्या. यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे युनिकोड अक्षरं बाइटांत लिहिण्याच्या पद्धतीत, त्याचे तीन बाइट होतात: २२४, १६४, १७४. वेबसाइटनं हे तीन बाइट पाठवले आणि कनेक्शनवर सांगितलं की हे लॅटिन१ आहे. टेबलही लॅटिन१, त्यामुळे सर्व्हरनं काहीही न बदलता तीन स्वतंत्र रोमन अक्षरं म्हणून ते ठेवून दिले. वाचताना तेच तीन बाइट परत गेले, पानावर यूटीएफ-८ असं लिहिलेलं होतं, ब्राउझरनं 'म' दाखवला. दोन खोट्यांची बेरीज होऊन खरं दिसत होतं. याच व्यवस्थेत डेस्कटॉप काळातलं पोर्तुगीज, जे खरोखरच लॅटिन१ होतं, ते यूटीएफ-८च्या पानावर फुटायचं. शेपटीचा सी म्हणजे एकटा बाइट २३१. यूटीएफ-८ मध्ये २३१ नंतर आणखी दोन ठरावीक बाइट यावे लागतात, ते नसतात.

पीएचपीमायॲडमिनमध्ये, म्हणजे ब्राउझरमधून डेटाबेस हाताळायच्या टूलमध्ये, चित्र उलटं दिसायचं. ते टूल सर्व्हरशी यूटीएफ-८ मध्येच बोलतं, म्हणून सर्व्हर लॅटिन१ मधून प्रामाणिक रूपांतर करून देतो: पोर्तुगीज स्वच्छ, मराठी कचरा. ग्रंथपालबाईंनी हे फार पूर्वीच पाहिलं होतं आणि टूल बिघडलंय असं समजून सोडून दिलं होतं. कुणीही तेच केलं असतं. प्रत्यक्षात त्या सगळ्या साखळीत टेबलाची खरी अवस्था सांगणारी तेवढी एकच जागा होती.

कंत्राटदाराचे तीन प्रयत्न

पहिला प्रयत्न सरळ होता. पीएचपीमायॲडमिनमधून एक्स्पोर्ट, नव्या सर्व्हरवर यूटीएफ८एमबी४ (मायएसक्यूएलमधलं पूर्ण यूटीएफ-८) टेबलात इम्पोर्ट, आणि वेबसाइटचं कनेक्शनही यूटीएफ८एमबी४. परिणाम वर सांगितलाच. याला दुहेरी एन्कोडिंग म्हणतात: मराठीचा प्रत्येक बाइट एक अक्षर समजून पुन्हा यूटीएफ-८ मध्ये लिहिला गेला.

याची खूण डोळ्यांनी शोधत बसण्यापेक्षा लांबी मोजावी. 'मराठी' या शब्दात युनिकोडच्या हिशेबानं ५ चिन्हं आहेत: म, र, काना, ठ, दीर्घ वेलांटी. शुद्ध यूटीएफ८एमबी४ कॉलममध्ये कॅर-लेंग्थ (अक्षरांची संख्या) ५ आणि बाइटांची लेंग्थ १५ येते. जुन्या लॅटिन१ टेबलात दोन्ही १५. दुहेरी एन्कोड झालेल्या टेबलात कॅर-लेंग्थ १५ आणि लेंग्थ ३१. दीर्घ वेलांटीचा शेवटचा बाइट १२८ आहे, लॅटिन१ मध्ये तो युरोचं चिन्ह ठरतो आणि युरोला यूटीएफ-८ मध्ये तीन बाइट लागतात, म्हणून ३० ऐवजी ३१. एका क्वेरीत तिन्ही अवस्था वेगळ्या ओळखता येतात.

दुसऱ्या खेपेला त्यानं असा विचार केला, की टेबल लॅटिन१ आहे तर फाइलही तशीच काढावी. एक्स्पोर्टच्या पानावर फाइलचा कॅरेक्टर सेट निवडता येतो. तिथे आयएसओ-८८५९-१, म्हणजे लॅटिन१ चा प्रमाणित तक्ता, निवडला. इथे दोन गोष्टी एकमेकींत अडकल्या. मायएसक्यूएल ज्याला लॅटिन१ म्हणतं ते खरं तर विंडोज-१२५२ आहे. १२८ ते १५९ या पट्ट्यात त्यात युरो, अवतरणचिन्हं, तीन टिंबं असं काही बसवलेलं आहे आणि आयएसओच्या तक्त्यात तिथे छापण्याजोगं काहीच नाही. शिवाय पीएचपीमायॲडमिन हे रूपांतर आयकॉन्व या रूपांतर करणाऱ्या प्रोग्रॅमकडून करून घेतं तेव्हा जे अक्षर बसत नाही त्याच्या जवळपासचं काहीतरी लिही, असा पर्याय मुळातच चालू असतो. त्यामुळे फाइलीत प्रत्येक दीर्घ वेलांटीच्या शेपटाला रोमन लिपीत ई-यू-आर अशी तीन अक्षरं आली, आणि 'अ'च्या शेवटी तीन टिंबं. अशी फाइल कुठल्याही मार्गानं परत जुळत नाही. ती टाकून दिली हे बरं झालं.

तिसरा प्रयत्न सर्वात घातक होता, कारण तो जवळजवळ यशस्वी दिसत होता. पहिल्या फाइलीवर त्यानं पायथनची छोटी स्क्रिप्ट चालवली: मजकूर विंडोज-१२५२ मध्ये उलटा एन्कोड करायचा, मग यूटीएफ-८ म्हणून वाचायचा, मध्ये अडचण आली तर 'रिप्लेस'. पडद्यावर मराठी परतली. कंत्राटदारानं ही प्रत ग्रंथालयाला दाखवून बिल पुढे केलं. ग्रंथपालबाईंनी चार-पाच नोंदी वाचल्या आणि म्हणाल्या, "हे बघा, 'पुस्तक' फुटलंय, 'ग्रंथ' फुटलाय. 'वाचन' तेवढं बरं दिसतंय. जोडाक्षर आलं की मोडतं." सही करायला त्यांनी नकार दिला. माझ्या मते या सगळ्या प्रकरणातला हा सर्वात महत्त्वाचा निर्णय.

जोडाक्षरंच का मोडली

विंडोज-१२५२ च्या तक्त्यात २५६ पैकी पाच घरं रिकामी आहेत: १२९, १४१, १४३, १४४ आणि १५७. मायएसक्यूएल या पाच घरांनाही युनिकोडमधले क्रमांक देऊन ठेवतं, त्यामुळे त्याच्या आतल्या आत जाऊन-येऊन काही हरवत नाही. पायथन मात्र तक्ता काटेकोर पाळतो. रिकामं घर आलं की चूक, आणि रिप्लेस सांगितलेलं असेल तर प्रश्नचिन्ह.

देवनागरीतली कोणती चिन्हं या घरांवर संपतात ते पाहिलं की सगळं उलगडतं. १२९ वर ऱ्हस्व उकार आणि चंद्रबिंदू. १४१ वर हलन्त आणि ऍ. १४३ वर ए, १४४ वर ऐ आणि ॐ, १५७ वर झ. हलन्त गेला म्हणजे जोडाक्षरं गेली, आणि ऱ्हस्व उकार मराठीत पावलोपावली. तुर्कीच्या किंवा जर्मनच्या टेबलावर हीच स्क्रिप्ट कदाचित वर्षभर कुणाच्या लक्षात आली नसती. मराठीत पहिल्याच ओळीत पकडली जाते, फक्त वाचणारं माणूस हवं.

पडद्यावरून मजकूर कॉपी करून कुठल्यातरी ऑनलाइन कन्व्हर्टरमध्ये चिकटवण्याचा उपायही ग्रंथालयात कुणीतरी करून पाहिला होता. त्यात वेगळीच अक्षरं जातात. 'ठ' चा शेवटचा बाइट १६०, म्हणजे न तुटणारा स्पेस, आणि अनेक प्रोग्रॅम त्याचा साधा स्पेस करून टाकतात. 'भ' आणि '७' यांचा शेवटचा बाइट १७३, म्हणजे अदृश्य हायफन, तो वाटेत गळतो. 'मराठी भाषा' असं लिहिलेलं असेल तर दोन्ही शब्द एकदम जायबंदी.

यानंतर दुरुस्तीचं काम आम्ही हाती घेतलं; निदान करताना एक साधा भेद धरला. कचरा दिसत असेल तर मजकूर जिवंत आहे, कारण बाइट कुठेतरी शाबूत आहेत. खरोखरीचं प्रश्नचिन्ह साठवलं गेलं असेल तर अक्षर मेलं.

एका ओळीचं सूत्र का वापरलं नाही

दुहेरी एन्कोडिंगवर सर्वांना ठाऊक असलेलं सूत्र आहे: कॉलम लॅटिन१ मध्ये कन्व्हर्ट करा, बायनरी (नुसते बाइट) म्हणून कास्ट करा, पुन्हा यूटीएफ८एमबी४ मध्ये कन्व्हर्ट करा. ते मायएसक्यूएलच्या आत चालतं म्हणून त्या पाच घरांचा प्रश्नही येत नाही. पण नवा सर्व्हर चालू झाल्यानंतर ग्रंथालयानं त्यावर नवी पुस्तकं चढवली होती आणि त्या नोंदी शुद्ध होत्या. शुद्ध देवनागरीला लॅटिन१ मध्ये ढकललं की प्रत्येक अक्षराचं प्रश्नचिन्ह होतं. प्रश्नचिन्ह हे यूटीएफ-८ मध्ये पूर्ण वैध, त्यामुळे सूत्र कसलीही कुरकुर न करता ते लिहून मोकळं होतं. आणि शुद्ध झालेलं पोर्तुगीज? त्याचा नल (रिकामी किंमत) होतो, नाहीतर अख्खं अपडेट अडतं. म्हणजे अट न घालता हे सूत्र चालवलं असतं तर जुनी मराठी सुधारून नवी मराठी आणि जुनं पोर्तुगीज दोन्ही गेलं असतं.

अटी घालून ते जमलं असतं. तरी आम्ही जुन्या सर्व्हरकडे वळलो. त्याचं भाडं अजून भरलेलं होतं, टेबल जसंच्या तसं होतं, आणि जिथे कमी रूपांतरं झालीत तिथून सुरुवात केली तर विचार करायच्या शक्यताही कमी राहतात.

प्रत्यक्ष काम

जुन्या टेबलाची प्रत काढून तिच्यातले सगळे मजकुराचे कॉलम आधी बायनरी प्रकारात बदलले. लॅटिन१ वरून थेट 'कन्व्हर्ट टू कॅरेक्टर सेट' दिलं असतं तर सर्व्हरनं पुन्हा अक्षराला अक्षर रूपांतर केलं असतं आणि पहिल्या प्रयत्नाचीच पुनरावृत्ती झाली असती. बायनरी केल्यावर सर्व्हर बाइटांना अर्थ लावत नाही. मग हेक्स-ब्लॉब पर्याय देऊन डंप (टेबलाची पूर्ण प्रत असलेली फाइल) घेतला. त्यात प्रत्येक बाइट साध्या अंक-अक्षरांत लिहिला जातो, त्यामुळे वाटेतल्या कुठल्याही एडिटरला, इम्पोर्टच्या पानाला किंवा उत्साही माणसाला त्यात ढवळाढवळ करायला वाव उरत नाही. डंप कमांड लाइनवरून घेतला; एवढ्या कामासाठी ब्राउझरमधलं टूल मध्ये नको वाटतं.

नव्या सर्व्हरवर प्रत्येक बायनरी कॉलमशेजारी एक रिकामा यूटीएफ८एमबी४ कॉलम केला आणि तो टप्प्याटप्प्यानं भरला. मूळ बाइट शेवटपर्यंत हलवले नाहीत. चाळणी ओळीला न लावता कॉलमला लावावी लागली, कारण एकाच नोंदीत ग्रंथनाम डेस्कटॉप काळातलं पोर्तुगीज आणि टीप वेबसाइटवरून भरलेली मराठी, असं सर्रास होतं.

चाळणी अशी. सगळे बाइट १२८ च्या खाली असतील तर प्रश्नच नाही, बहुतेक रोमी कोकणी तिथेच सुटली. वरचे बाइट असतील तर ते यूटीएफ-८ म्हणून वैध आहेत का ते पाहायचं. मायएसक्यूएलमध्ये अवैध बाइट कन्व्हर्ट करायला दिले की नल येतो, त्यावरून कळतं. वैध असेल तर यूटीएफ-८. खऱ्या लॅटिन१ पोर्तुगीजात योगायोगानं वैध यूटीएफ-८ तयार होणं फार दुर्मिळ आहे: शेपटीचा सी, टिल्डचा ए, साधा ओ म्हणजे २३१, २२७, १११, आणि हा क्रम पहिल्या दोन बाइटांतच अवैध ठरतो. अवैध आणि भाषेच्या रकान्यात पोर्तुगीज असेल तर लॅटिन१.

इथवर सोपं होतं. खरा वेळ उरलेल्यांनी खाल्ला.

अवैध, पण भाषा मराठी, अशा नोंदी दोन प्रकारच्या निघाल्या. एक, डेस्कटॉप काळातली फॉन्टची मराठी. ते एन्कोडिंगच नव्हे. कोणत्या क्रमांकावर कोणता आकार, हे ज्याच्या त्याच्या फॉन्टनं ठरवलेलं. त्याला आयकॉन्व चालत नाही, कोलेशन चालत नाही, त्या फॉन्टचा स्वतंत्र तक्ता लागतो. ग्रंथालयाकडे या पुस्तकांची कार्डं होती, म्हणून त्या नोंदी बाजूला काढून हातानं टंकायच्या ठरल्या.

दुसरा प्रकार मला जास्त शिकवून गेला. ग्रंथनामाचा कॉलम १०० अक्षरांचा होता. लॅटिन१ मध्ये १०० अक्षरं म्हणजे १०० बाइट, म्हणजे देवनागरीची ३३ चिन्हं आणि वर एक अनाथ बाइट. काना-मात्रा-हलन्त सगळे वेगळे मोजले जातात, त्यामुळे उपशीर्षक असलेलं मराठी नाव सहज त्याबाहेर जातं. जुना सर्व्हर स्ट्रिक्ट मोडमध्ये नव्हता. लांब नाव आलं की तो एक इशारा नोंदवून गुपचूप कापायचा, आणि पीएचपी तो इशारा कधी वाचतच नव्हती. जुन्या वेबसाइटवर या नावांच्या शेवटी एक चौकट दिसायची, ती सगळ्यांनी सजावट समजून स्वीकारली होती. नव्या सर्व्हरच्या स्ट्रिक्ट मोडमध्ये अशाच बाइटांवर १३६६ क्रमांकाची चूक येते. शेवटचे अर्धवट बाइट छाटले, नोंदीवर 'नाव अपूर्ण' अशी खूण केली आणि तीही कार्डांकडे पाठवली. स्थलांतरानं हे नुकसान केलं नव्हतं. उघड मात्र स्थलांतरामुळेच झालं.

वैध ठरलेल्यांतही एक फसवी टोळी होती. २३९, १९१, १८९ हे तीन बाइट म्हणजे काळ्या चौकोनातलं प्रश्नचिन्ह. जुन्या वेबसाइटवर कुणी फुटलेली पोर्तुगीज नोंद उघडून, फक्त कपाट क्रमांक बदलून सेव्ह केली, की ब्राउझर त्या फुटक्या अक्षरांच्या जागी हे तीन बाइट परत पाठवायचा. 'कॉन्सेसांव' या नावातला शेपटीचा सी आणि टिल्डचा ए अशा रीतीनं कायमचे गेले होते. हे तीन बाइट शोधून यादी केली आणि पोर्तुगीज जाणणाऱ्या एका निवृत्त शिक्षकांनी ती भरून दिली. आडनावं आणि गावांची नावं असल्यामुळे अंदाज बहुतेक ठिकाणी एकच होता. जिथे दोन संभवत होते तिथे त्यांनी पुस्तक मागवून पाहिलं.

स्थलांतरानंतर नव्या सर्व्हरवर चढलेल्या नोंदी दाखल क्रमांकावरून वेगळ्या काढून तशाच ठेवल्या. ज्या जुन्या नोंदींत नव्या सर्व्हरवर बदल झाला होता त्या मोजक्याच होत्या, त्या बाईंनी एकेक बघून घेतल्या.

शेवटी कनेक्शन. टेबल शुद्ध झालं आणि एखादा कोड अजून लॅटिन१ कनेक्शनवरून बोलत राहिला, तर वाचताना प्रश्नचिन्हं दिसतात. लिहिताना त्याहून वाईट: दुहेरी एन्कोडिंग पुन्हा मुळापासून सुरू होतं आणि त्या कोडच्या स्वतःच्या पानावर सगळं बरोबर दिसतं. शोधपान, नोंदणीचं पान आणि रोजचा अहवाल काढणारी छोटी स्क्रिप्ट या तिन्ही ठिकाणी कॅरेक्टर सेट स्पष्ट लिहिला. तिसरी जागा कुणाच्या यादीतच नव्हती. कोडमध्ये कनेक्शन उघडणाऱ्या सगळ्या ओळी शोधल्या तेव्हा सापडली.

तपासणी

पडद्यावर बरोबर दिसणं हा निकष आम्ही मुद्दाम बाजूला ठेवला. याच निकषानं इतकी वर्षं फसवलं होतं. त्याऐवजी एक चाचणी नोंद केली. तिच्यात ँ, ऍ, ए, ऐ, झ, ऱ्हस्व उकार, हलन्त, ॐ, दीर्घ वेलांटी, अ, ठ, भ, ७ आणि पोर्तुगीजची सगळी खुणांची अक्षरं. ती वेबसाइटवरून भरली, पीएचपीमायॲडमिनमधून वाचली, तिथून एक्स्पोर्ट केली, रिकाम्या टेबलात इम्पोर्ट केली आणि दोन्हीकडची हेक्स किंमत (बाइटांचे प्रत्यक्ष आकडे) जुळवली. मग बाईंनी कार्डांच्या खणांतून हाताला येतील ती कार्डं काढून नोंदींशी ताडली.

बाईंची एक तक्रार मात्र एन्कोडिंग दुरुस्त झाल्यावरच सुरू झाली. अकारविल्हे यादीत 'क्ष' ची नावं 'क' मध्ये आणि 'ज्ञ' ची 'ज' मध्ये येऊ लागली. युनिकोडचा मूळ क्रम तसाच आहे. मराठी वर्णमालेत ळ, क्ष, ज्ञ हे 'ह' नंतर येतात, आणि मायएसक्यूएल ८ मध्ये स्वीडिशपासून व्हिएतनामीपर्यंत भाषावार कोलेशनं आहेत पण मराठीचं नाही. कार्डांचा क्रम मराठी वर्णमालेचा, तेव्हा पडद्याचाही तोच हवा, यावर त्या ठाम होत्या. ग्रंथनामातून क्रमासाठी वेगळी किल्ली तयार करणारा एक कॉलम जोडला. त्यात या तीन अक्षरांना 'ह' नंतर बसतील असे संकेत दिले आणि यादी त्या कॉलमवर लावली. शोध मात्र मूळ नावावरच चालतो, कारण तिथे नवं कोलेशन खुणा दुर्लक्षून जुळवतं आणि टिल्ड न टंकताही पोर्तुगीज नाव सापडतं.

बायनरी कॉलम अजून टेबलात आहेत. फॉन्टच्या मराठीची टंकणी पूर्ण होऊन वार्षिक पुस्तक-पडताळणी झाली की ते काढायचे, असं समितीच्या इतिवृत्तात नोंदवलं आहे.